आठ वर्षं एकच सूर

दादा,

शेजारच्या गणपतभाऊच्या सुमनचं लग्न झालं. वरात जानोशातून, नवरदेवाच्या उताऱ्यावरून, निघाली तेव्हा मी सूर धरला होता आणि माझ्या उजव्या हाताला तू नव्हतास. हे तुला सांगितल्याशिवाय मला पुढचं काहीच करता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. कॉलेजात आम्हाला निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा असं शिकवतात. हे तसं होईल असं वाटत नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. लोक तुझ्याबद्दल बोलतात तेव्हा "कवडूची सनई" म्हणतात, नुसतं कवडू म्हणत नाहीत. आपण ढिवर. आपला बा, आपला आजा, सगळे या तलावातली मासोळी धरून जगले. तू मात्र गावच्या म्हाताऱ्या सनईवाल्याच्या मागे फिरलास आणि त्यानं डोळे मिटायच्या आधी त्याची सनई उचललीस. आपल्या लोकांना ते रुचलं नव्हतं. "जाळं टाकून पुंगी धरली पोट्ट्यानं," असं बाच्या तोंडावर बोलत. तू म्हणायचास, "बुडी मारणाऱ्याचा दम हाय आपला. असा दम कोणाच्या बापाजवळ नाई. फुकट पाण्यात काऊन घालवू?"

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा तू मला तलावाच्या दगडावर बसवलंस आणि हातात भोपळ्याच्या पानाचा पोकळ देठ दिलास. देठाचं एक टोक पाण्यात, दुसरं माझ्या तोंडात. फुंकर मारायची आणि बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. श्वास संपला तरी तुटू द्यायचे नाहीत.

"श्वास सरल्यावर कसे निघन बुडबुडे?" मी विचारलं.

"गालात थोडी हवा ठेव. गालातली बाहेर जाऊन राह्यली तवाच नाकानं आत घे. गाल म्हंजे लोहाराचा भाता समज."

मी फुंकलं. नाकातून हवेऐवजी पाणी आलं. ठसका लागला, डोळे लाल झाले. शेजारी धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून लोटपोट. एक म्हणाली, "कवडूभाऊ, पोट्ट्याले बेंडूक बनवून राह्यले का जी?"

तू म्हणालास, "बेंडूक तरी मधात थांबते, बाई. ह्याले थांबायचं नाई."

धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा कुठे मला जमलं. त्या दिवशी बुडबुडे इतका वेळ निघत राहिले की तूच कंटाळलास आणि देठ माझ्या तोंडातून ओढून काढलास. घरी आल्यावर तू मला सूर दिलास. दिसायला अगदी सनई. तसंच लाकूड, तशीच पितळेची वाटी, तशीच ताडाच्या पानाची पत्ती. मी लगेच भोकांवर बोटं ठेवली आणि उचलून पाहिली. काही बदललं नाही. सगळी भोकं मेणानं बुजवलेली होती.

"मेण काऊन?"

"सुराले बोटं नसते बाबू, दम असते. तू खालचा सा धरून ठेव. वरचं मी पाहतो."

मला वाटलं, पुढच्या वर्षी मेण निघेल.

सूर धरणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी धरला नाही त्याला सांगणं कठीण आहे. मी हॉस्टेलात प्रयत्न करून पाहिला आहे. सनईवाला मधेच थांबू शकतो. पत्ती ओठांनी भिजवून घेतो, घाम पुसतो, कोणाला तरी हसून मान हलवतो. तो थांबतो तेव्हा सूर चालूच असतो, म्हणून ते थांबणंसुद्धा छान वाटतं. सुरवाल्याला खोकता येत नाही. कपाळावर माशी बसली तर ती उडून जाण्याची वाट पाहायची. आणि आपल्या गावचा नेम तर आणखी कडक. नवरदेव जानोशातून निघाला की मांडवात पाय टाकेपर्यंत सूर तुटता कामा नये. सूर तुटला तर संसारात तुटतं म्हणतात. कोणाच्या संसाराचं ओझं अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या गालांवर! वैशाखाच्या उन्हात, मोहाच्या वासानं भरलेल्या गल्लीतून, मी ते वाहत जायचो. तू खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा दावं लांबवून लांब लांब चरून यायचास. बैल वळून आला की लोक वाहवा करत. मी तो खुंटा होतो, आणि खुंट्याची वाहवा कोणी करत नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. किंवा लिहीत असेन. मला नीट कळत नाही.

सिंदेवाहीच्या शाळेत होतो तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? आठवतच असणार, पण आपण तिच्याबद्दल नंतर कधी बोललो नाही. एका लग्नात आमचे इंग्रजीचे मास्तर पाहुणे म्हणून आले होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, वाटेच्या कडेला उभे. आदल्याच आठवड्यात त्यांनी वर्गासमोर माझी वही कौतुकानं वर धरून दाखवली होती. मला त्यांच्यापासून लपायचं होतं, पण गाल फुगवून, डोळे तारवटून मी त्यांच्याच समोरून चाललो होतो. त्यांनी मला ओळखलं. मी मान खाली घातली, आणि हवा सगळी एकदम निघून गेली. सूर तुटला.

तुझी चाल तेव्हा अगदी वर होती. क्षणही गेला नसेल. तू वरून सरळ खाली आलास आणि चाल सोडून माझा सा धरलास. मांडवापर्यंत तू दुसरं काही वाजवलं नाहीस. पत्ती ओठात धरून मी तुझ्या बाजूनं नुसता चालत राहिलो. श्वास परत जुळला होता, पण तुझ्या सुरात माझा सूर घालायची हिंमत झाली नाही. नामाभाऊचा ढोल आणि तुझा तो एक सूर. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आज सनईले झोप आली का जी?" लोक हसले. लग्न लागलं. सूर तुटला हे नामाभाऊशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना तू म्हणालास, "मास्तर तुले खात होता का?"

मी पत्ती पुसत राहिलो.

"सूर धरणाऱ्याले डोळे नसते. वाटीकडे पाहत जाजो, बस."

एवढंच. मला मार बसला असता तर बरं वाटलं असतं. आज वाटतं, त्या दिवशी तू माझ्यासाठी सगळ्या गावासमोर खुंटा झालास, आणि मी त्याबद्दल तुला एक शब्द बोललो नाही. लाज मास्तरांची वाटली होती, तुझी नाही, हेही सांगायचं राहिलं. पण ते खरं आहे का? थोडी तुझीही वाटली होती, दादा. ते आज लिहून टाकतो.

मग मॅट्रिक झालो आणि तू मला नागपूरला कॉलेजात घातलंस. आपल्या घरातला पहिला, आपल्या ढिवरपुऱ्यातला पहिला. उन्हाळ्यात परत येऊन सूर धरायचा, एवढी एकच अट तू घातली होतीस. हॉस्टेलातल्या मुलांना कुठूनसं कळलं की मी सनईवाल्याचा भाऊ. "एक चाल ऐकव ना," म्हणून मागे लागले. मी पहिल्या वर्षी दिवाळीनंतर सूर सोबत नेला होता, सवय राहावी म्हणून. काढला आणि धरला. मुलं ऐकत राहिली, आता पुढे काही येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. एक जण म्हणाला, "अरे, हा तर गिरणीचा भोंगा!" तेव्हापासून माझं नावच भोंगा पडलं. वर्षभर मी ते ऐकतो आहे.

ते पोटात घेऊन मी यंदा संक्रांतीला घरी आलो. तू तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होतास. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आठ वर्षं झाले दादा. मले एक तरी चाल शिकव."

"चाल तुले कायले पाह्यजे? तू पुस्तकं फुक."

"मेण काढलं तं काय होते?"

"काई होत नाई. सूर बेसूर होते."

तू हसत होतास. मला ते हसणं सहन झालं नाही. मी म्हणालो, "तुले भेव वाटते. मी तुझ्याहून चांगला वाजवीन म्हून भेव वाटते."

तू आणखीच हसलास. हसता हसता खोकला आला आणि तू तोंड फिरवलंस. तळहात धोतराला पुसलास तेव्हा तिथे लाल दिसलं. मी विचारलं तर म्हणालास, "पान खाल्लं रे." मी मानलं. मी रागात होतो, आणि रागातल्या माणसाला मानून घेणं सोपं जातं. दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीनं मी नागपूरला परत गेलो. स्टेशनवर तू आला नाहीस. मी ये म्हटलं नव्हतं.

फागुनात पत्र पोचलं. मी गावात पाय ठेवला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

तुझ्या तेरवीला सगळे उठून गेल्यावर नामाभाऊ माझ्याजवळ येऊन बसला. तू मला चाल का शिकवली नाहीस, ते त्याला माहीत होतं म्हणे. "कवडू मले सांगे. चाल आली का पोट्टा गावाचा होते. मंग गाव त्याले सोडत नाई. नुसता सूर येणारा कुठीबी जाऊ शकते, त्याले कोण अडवते? म्हून मेण ठेवलं त्यानं. तुले बाहेर काढाले."

मी आत जाऊन वहिनीला हे सांगितलं. रडत सांगितलं. ती चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "नामाभाऊ चांगला माणूस हाय. चांगलं तेच सांगते."

"मंग खरं काय वयनी?"

"खरं काय, मले का माहीत? मले तुमच्याबद्दल येवढं म्हणत का श्रावणसारखा सूर कोणी धरत नाई. हा चाल शिकला तं मले सूर कोण देईल? असंबी म्हणत, तसंबी म्हणत असतील. माणूस का एकच गोठ बोलते?"

आणि मग तिनंच ते दुसरं सांगितलं. दिवाळीनंतर तू चांद्याच्या दवाखान्यात जाऊन आला होतास. डॉक्टरनं फुंकायचं काम बंद कर म्हणून बजावलं होतं. तू घरी येऊन कोणाला सांगितलं नाहीस, आणि त्याच आठवड्यात लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्याला हो म्हणालास. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. "कोणाले नाई म्हणता येत नव्हतं ह्यांना," वहिनी म्हणाली. "म्हणत, लोकाची पोरगी हाय, सनई नसली तं कसं दिसन. घरची बाई हाय, ते नाई दिसलं."

दादा, संक्रांतीला मी तुला भित्रा म्हणालो. त्या वेळी तू काय लपवत होतास आणि मी काय मागत होतो!

तेरवीनंतर चार दिवसांनी गणपतभाऊ आला. सुमनची तिथी ठरलेली. आसपास दुसरा सनईवाला नाही. मी त्याला समजावलं की मला चाल येत नाही, एकही नाही. तो म्हणाला, "सूर येते ना? मंग तेवढाच वाजव. नेम तं सुराचाच हाय." माझी इंटरची परीक्षा तोंडावर होती. पण सुमन आपल्या अंगणात खेळून मोठी झाली. मी हो म्हणालो.

लग्नाच्या दिवशी नवरदेव निघाला, नामाभाऊनं ढोलावर हात टाकला आणि मी सूर धरला. सगळी वरात तो एक सा ऐकत चालली. मी वाटीकडेच पाहत होतो. वरची जागा रिकामी होती. तिथे काय यायचं, हे मला पुरतं माहीत होतं. तू कुठे वर जायचास, कुठे मुरकी घ्यायचास, कुठे मुद्दाम उशीर लावून लोकांना तिष्ठत ठेवायचास, सगळं. माझी बोटं बुजलेल्या भोकांवर आपोआप हलत होती. आवाज एकच येत होता.

मांडव आला. नवरदेवानं आत पाय टाकला. आणि तेव्हा मला कळलं की मी एक गोष्ट कधी शिकलोच नव्हतो. आठ वर्षांत मी स्वतःहून कधी थांबलो नव्हतो. तू चाल संपवायचास, माझ्याकडे पाहायचास, डोळे मिटायचास, की मी सोडायचो. आता कोण पाहणार? नवरा-नवरी पाटावर गेले, नामाभाऊचा ढोल थांबला, बायका गप्प झाल्या, आणि मी उभाच. सोडला तर सूर तुटला असं होईल का? सुमनच्या संसारात काही झालं तर? लोक माझ्याकडे पाहू लागले. मुलं हसू लागली. शेवटी नामाभाऊनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "झालं रे बाबू. झालं."

मी सोडला. ओठ बधिर झाले होते.

जेवणाच्या पंगतीतच दोघे जण आले. एक म्हणाला, "आमच्या घरीबी पुढल्या आठवड्यात येजो. नुसता सूरबी चालन." दुसऱ्याचं लग्न त्यानंतर तीन दिवसांनी. मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि 'हो जी' बाहेर आलं. दोनदा. पहिला पेपर त्याच आठवड्यात होता.

घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. ती मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. तिनं टोपली खाली ठेवली.

"हो काऊन म्हटलं?"

"नाई म्हणता आलं नाई."

"बरं. मंग पुढल्या फागुनात तुमचीबी तेरवी घालते मी. एकाची घातली, दुसऱ्याची काय जड हाय?"

"असं नको बोलू वयनी."

"मंग कसं बोलू? मले तुमचा सूर नाई पाह्यजे, भाऊजी. माझं पोट ह्या टोपलीवर चालते. तुम्ही इथी माझ्यासाठी थांबून राह्यले असं मनात आणू नका. भेव वाटते म्हून थांबून राह्यले तुम्ही. आताच जा आणि सांगा त्याईले."

ती टोपली उचलून निघून गेली. मी बराच वेळ उंबऱ्यावर बसलो. पुस्तक उघडलं, मिटलं. गावात राहिलो तर सूर धरणारा, नागपूरला गेलो तर भोंगा, आणि दोन्हीकडे भोकं बुजलेलीच. कुठे गेल्यानं मी सुटेन, मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. पण तू बसल्या जागी हो म्हणत म्हणत गेलास, एवढं दिसत होतं.

मी आधी दसरूभाऊकडे गेलो, पंगतीत पहिलं बोलावणं त्याचंच होतं. त्याच्या अंगणात मांडवाचे खांब उभे होत होते. मी म्हणालो, "माझं येणं होत नाई जी. परीक्षा हाय."

"परीक्षा पुढल्या सालीबी येते. पोरीचं लग्न येते का?"

मी पुन्हा तेच म्हणालो, "परीक्षा हाय जी."

"कवडूनं कधी असं केलं नाई."

"नाई केलं, म्हून गेला जी तो."

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला कळलं नाही. खांब धरून उभे असलेले गडी माझ्याकडे पाहायला लागले. दसरूभाऊ रागावला नाही. त्यानं डोक्यावरचा फडका काढला, तोंड पुसलं, आणि खरंच विचारावं तसं विचारलं, "मंग सूर कोण धरन रे?"

"कोणी नाई."

तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्याकडे. त्यानं 'जा' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यानं म्हटलं नाही. मग मी पाठ फिरवली आणि दुसऱ्या घराकडे चालू लागलो, तिथेही तेच सांगायला. हे बरोबर केलं की चूक, हे विचारायला तू हवा होतास, दादा. तू असतास तर मी 'नाही' म्हणालोच नसतो, हेही मला माहीत आहे.